पणती, मेणाचा दिवा की माळ? सोलापूरच्या घरात कुठे काय लावावे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नवी पेठेत आणि मधल्या मारुतीजवळ माळांचे ढीग लागतात, कुंभार वेशीत पणत्यांचे. गिऱ्हाईक रंग आणि भाव बघून उचलते आणि लावायचे कुठे हे घरी आल्यावर ठरवते. हा क्रम उलटा हवा. तेला-मेणाचा दिवा भाजतो, विजेची माळ झटका देते, बॅटरीच्या दिव्यातला सेल पोराच्या पोटात जाऊ शकतो. धोके वेगवेगळे आहेत आणि घरातल्या जागाही. लोखंडी ग्रिलला माळ गुंडाळणे आणि पत्र्याखाली पडद्याशेजारी पणती ठेवणे, या दोन्हींत वस्तू चांगली असूनही जागा चुकते.

जुळे सोलापूर, होटगी रोड भागातल्या काही सोसायट्यांत आता मुले ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, म्हणजे भुताखेतांचे सोंग घ्यायचा आणि कोरलेल्या भोपळ्यात दिवा लावायचा परदेशी सणही करतात. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी त्याच दिवशी होती, त्यामुळे एकाच जिन्यात आकाशकंदील आणि कागदी वटवाघळे शेजारी शेजारी. सण कुठलाही असो, दिवा, वायर आणि पेटणारे कापड यांचा हिशोब तोच राहतो. म्हणून दोन्ही इथे एकत्रच घेतले आहेत.

आधी एका नजरेत:

| | कशामुळे बिघडते | एकदा लावल्यावर किती चालते | कुठे लावावा |
|---|---|---|---|
| मातीची पणती | कलंडते, तेल झिरपते, पदर लागतो | १० मिली तेलात साधारण २ ते ३ तास | जमिनीवर, उंबऱ्याबाहेर, तुळशीपाशी |
| मेणाचा छोटा दिवा | जवळजवळ ठेवले की एकमेकांना तापवतात | ३ ते ४ तास | काचेच्या उभट ग्लासात, मोजकेच |
| २३० व्होल्टची माळ | सोललेली वायर, सैल पिन, पाणी | हवी तितकी | भिंत, लाकूड, प्लास्टिकचा पाइप. लोखंडावर नको |
| ५ व्होल्टची यूएसबी माळ | अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक संपणे | पॉवर बँकेवर अवलंबून | ग्रिल, देवघर, मुलांची खोली |
| सेलचा दिवा | झाकण निघून सेल बाहेर येणे | सेलवर अवलंबून | पडद्याजवळ, कागदाजवळ, भोपळ्यात |

मातीची पणती

पणतीबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आग लावण्याच्या बाबतीत खाद्यतेल तसे सुस्त असते. करडई, शेंगदाणा, तीळ यांचे तेल पेट घ्यायला २०० अंशांपेक्षा बरेच जास्त तापावे लागते. त्यामुळे पणती फरशीवर कलंडली तर बहुतेक वेळा वात विझते आणि तेलाचा ओघळ तेवढा उरतो. तोच ओघळ चटईवर, पायपुसणीवर किंवा कागदी रांगोळीच्या स्टिकरवर गेला की कापड किंवा कागद स्वतःच वात होतो आणि तेल पेटते. म्हणून पणतीखाली काय आहे ते आधी पाहावे.

नवी पणती ३-४ तास, जमल्यास रात्रभर, पाण्यात बुडवून ठेवावी आणि सावलीत कोरडी करावी. कोरी माती तेल पिते, मग एकीकडे पणती लवकर विझते आणि दुसरीकडे शहाबादी फरशीवर कायमचा डाग पडतो. भिजवूनही थोडे तेल झिरपतेच. जिन्याच्या पायरीवर तो डाग दिसत नाही, पाय मात्र घसरतो. स्टीलच्या ताटलीत बोटाच्या पेराएवढी वाळू पसरून त्यात पणती रोवली की तेलही शोषले जाते आणि पणती कलंडतही नाही.

पणती पाऊणच भरावी. वात काठाबाहेर ज्वारीच्या दाण्याएवढी, म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर, असू द्यावी. त्याहून लांब ठेवली की ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि काठाला लावलेला रंग जळू लागतो. चमकी आणि आरसे चिकटवलेल्या पणत्यांत हे हमखास होते, कारण चिकटवायला वापरलेला गोंद पेटतो. अशा पणत्या शोभेला ठेवाव्यात आणि लावायला साधी लाल पणती घ्यावी. तळणीचे उरलेले तेल वापरायचे असेल तर आधी गाळून घ्यावे. त्यात पाण्याचा अंश राहिला तर वात तडतडते आणि ठिणगी उडते. रॉकेलचा थेंबही नको, ते खाद्यतेलापेक्षा फारच कमी तापमानाला पेटते. जळत्या पणतीत वरून तेल ओतू नये. विझवावी, भरावी, मग पुन्हा लावावी.

अंतर किती ठेवायचे? दोन पणत्यांमध्ये वीतभर. बाजूला पेटण्याजोगे काही असेल तर किमान ३० सेंटिमीटर. वरच्या बाजूला मात्र मीटरभर मोकळे हवे, कारण उष्णता वर जाते. दाराच्या चौकटीखाली पणती आणि तिच्या बरोबर वर लोंबणारे प्लास्टिकच्या फुलांचे तोरण हे चित्र गल्लोगल्ली दिसते. प्लास्टिकचे फूल पेटले की नुसते जळत नाही, वितळून थेंब थेंब खाली पडते आणि ते थेंब पेटते असतात. झेंडूच्या ताज्या तोरणाला ही भीती नाही. आंब्याची पाने मात्र ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात, ती बदलावीत.

मेणाचा दिवा

अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीतला छोटा मेणदिवा पणतीपेक्षा सुरक्षित समजला जातो, कारण तो सांडत नाही. एकटा असेल तर हे खरे आहे. दहा-बारा दिवे ताटात चिकटून मांडले की गणित बदलते. मेण ५० ते ६५ अंशांना वितळते. एकमेकांच्या आचेने सगळ्या वाट्यांतले मेण पाणी होते, मग तापत जाते आणि शेवटी वातीऐवजी मेणाची वाफच पेट घेते. पूर्ण वाटीवर एकच मोठी ज्योत दिसते. घाबरून कोणी त्यावर पाणी टाकले तर पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १७०० पट फुगते आणि पेटते मेण चहूबाजूंनी उडते. अशा वेळी स्टीलचे ताट किंवा पातेले उपडे झाकावे आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नये.

दोन दिव्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले तर हा प्रकार टळतो. वाटीत काडीचे तुकडे, वातीचा कचरा पडू देऊ नये. तो दुसऱ्या वातीचे काम करतो. वाटीचा तळ चांगलाच तापतो, म्हणून थर्माकोलवर किंवा प्लास्टिकच्या ट्रेवर नको. काचेच्या ग्लासातल्या जेलच्या दिव्यांबाबत आमचे मत सरळ आहे: घेऊ नका. ते जास्त तापतात आणि शेवटच्या टप्प्यात ग्लास तडकतो.

विजेची माळ: इथे जरा थांबावे लागेल

बाजारातली ढिगातली माळ बहुधा थेट २३० व्होल्टवर चालते. तिच्या डबीत, म्हणजे ते आठ प्रकारे लुकलुकणारे बटण असते तिथे, व्होल्टेज कमी होत नसते. फक्त एसीचे डीसी होते आणि चालू-बंद होते. पुढे शंभराच्या आसपास एलईडी एकापुढे एक जोडून ते व्होल्टेज त्यांच्यात वाटले जाते. एका एलईडीवर दोन-तीन व्होल्टच येतात, पण माळेच्या सोललेल्या जागी हात लागला आणि पाय ओल्या फरशीवर असला तर शरीराला बसणारा झटका जवळजवळ घरच्या सॉकेटइतकाच असतो. ‘एलईडी आहे, करंट कमी असतो’ हे वाक्य इथे लागू नाही.

अर्धी माळ विझली की कुणीतरी बिघडलेला एलईडी कापून वायरी पिळून जोडते. माळ लागतेही. पण वगळलेल्या प्रत्येक एलईडीचे व्होल्टेज उरलेल्यांवर येते, ते जास्त तापतात आणि एकेक करून जातात. शिवाय पिळलेला, टेप लावलेला जोड उन्हात सुटतो. अशी माळ फेकावी.

५ व्होल्टची यूएसबी माळ किंवा १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरची माळ महाग पडते, मात्र तिच्या वायरला हात लागला तरी झटका बसत नाही. धोका सगळा अ‍ॅडॉप्टरमध्ये गोळा होतो, म्हणून अ‍ॅडॉप्टर घरात, कोरड्या जागी हवा आणि चांगल्या प्रतीचा हवा. त्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) चिन्हाखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो घालून दुकानातच तपासता येतो. बाहेर लावायच्या माळेवर आयपी ४४ किंवा आयपी ६५ लिहिलेले बघावे. पहिले शिंतोड्यांपुरते, दुसरे पाण्याची धारही झेलते. आयपी २० म्हणजे घरातच. परतीचा पाऊस लांबला तर दिवाळीतही एखादी सर येतेच.

आता ग्रिल आणि पत्रा. सोलापुरात खिडकी-बाल्कनीला लोखंडी ग्रिल आणि गच्चीवर किंवा घरावरच पत्रा, हे सर्रास. २३० व्होल्टची माळ ग्रिलला आवळून बांधली, वाऱ्याने ती धारेवर घासत राहिली, प्लास्टिक सोलले की अख्खे ग्रिल ‘लाइव्ह’ होते. ते कुणालाच कळत नाही, कारण माळ नीट लुकलुकत असते. सकाळी ओले कपडे वाळत घालायला गेलेल्या माणसाला आधी कळते. पत्र्याचे तसेच, त्याच्या कापलेल्या कडा सुरीसारख्या असतात. म्हणून धातूवर कमी व्होल्टचीच माळ लावावी. २३० व्होल्टचीच लावायची असेल तर आधी प्लास्टिकचा पाइप किंवा पट्टी बांधून माळ तिच्यावरून न्यावी, केबल टाय सैल ठेवावेत आणि खिळे, तार, स्टेपल वापरू नयेत. लावून झाल्यावर टेस्टरने ग्रिल तपासावे. टेस्टर चमकला नाही म्हणून सगळे ठीक असे मात्र समजू नये. त्याचा दिवा उन्हात दिसत नाही आणि माळ उद्याही घासू शकते.

खरे संरक्षण आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती पकडणाऱ्या स्विचचे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती होताच काही मिलिसेकंदांत पुरवठा तोडतो. एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) किंवा जुना किटकॅट फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही. कित्येक जुन्या घरांत मीटरपाशी किटकॅटच आहे. दिवाळीच्या खर्चात कुठे हात आखडायचा असेल तर माळेत आखडा आणि वायरमनकडून आरसीसीबी बसवून घ्या. बसवलेला असेल तर त्यावरचे ‘टी’ बटण दाबून तो पडतो की नाही ते माळा लावण्याआधी पाहा.

लोडची भीती मात्र बहुतेक घरांत चुकीच्या जागी असते. १० वॅटच्या चार माळा आणि ९ वॅटचा कंदील मिळून ४९ वॅट, म्हणजे पाव अँपिअरही होत नाही. ६ अँपिअरच्या बोर्डाला ते काहीच नाही. बोर्ड जळतो तो सैल पिनमुळे. सैल जागी बारीक ठिणगी पडत राहते, प्लास्टिक तपकिरी होते, मग वितळते. पिन हाताने हलवली तर हलते का आणि तासाभराने बोर्ड गरम लागतो का, एवढे बघितले तरी पुरे. खरा घात नरकचतुर्दशीच्या पहाटे होतो. अभ्यंगस्नानासाठी १५०० वॅटचा हिटिंग रॉड त्याच एक्स्टेंशन बोर्डावर लावला जातो. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर, बोर्ड ६ चा. रॉडला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवू नये. वेटोळ्यात उष्णता कोंडते.

आकाशकंदील

कागदी कंदिलात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला तर त्याची काच १०० अंशांच्या वर तापते. कागद तिला टेकला की आधी करपतो, मग पेटतो. ५ ते ९ वॅटचा एलईडी लावावा आणि तोही कागदापासून चार बोटे दूर. विजेचा फरकही बघा: रोज ६ तास, ६ दिवस जळाला तर ६० वॅटचा बल्ब २.१६ युनिट खातो, ९ वॅटचा एलईडी ०.३२.

कंदील वायरला टांगायचा नाही. वजन सुतळीवर घ्यावे, वायर सैल सोडावी. होल्डरच्या आधी वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, होल्डरमध्ये शिरत नाही. हा एक झोळ नसल्याने दर वर्षी कितीतरी होल्डर जातात. कागदी की कापडी की प्लास्टिक? फटाके उडवणारी गल्ली असेल तर बाण अडकून कागदी कंदील पेटतो आणि प्लास्टिकचा वितळतो. जाड सुती कापडाचा त्यातल्या त्यात बरा. कापड सुतीच आहे का हे पाहायचे तर एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धाग्याची कागदासारखी मऊ राख होते, सिंथेटिकचा काळा कडक मणी बनतो. यंत्रमागाच्या गावात हे वेगळे सांगायला नको, पण दिवाळीच्या गर्दीत कोणी तपासत नाही.

३१ ऑक्टोबरचा भोपळा

परदेशात कोरतात तो भोपळा पातळ सालीचा आणि आतून पोकळ असतो. आपल्या मंडईतला लाल भोपळा जाड गराचा. त्यामुळे गोल, ३ ते ४ किलोचा निवडावा, तळाकडून गर चमच्याने खरवडून भिंत दोन-अडीच सेंटिमीटरची राहू द्यावी आणि मगच डोळे-तोंड कापावे. वरचे झाकण कापताना सुरी आत तिरकी धरावी, नाहीतर ते आत पडते. सुरी मोठ्यांच्या हातात. मुलांनी स्केचपेनने चेहरा काढावा आणि बिया धुऊन वाळवाव्यात. इथल्या उकाड्यात कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, तेव्हा आदल्या संध्याकाळीच कोरावा.

आत मेणबत्ती की सेलचा दिवा? सेलचा. मुले भोपळ्याभोवती सैल काळे अंगरखे आणि शेपट्या घालून फिरणार, ते कपडे पॉलिस्टरचे असणार. कोळ्याचे जाळे म्हणून ताणून लावतात तो कृत्रिम कापूसही पॉलिस्टरच, आणि पिंजलेला असल्याने त्याच्या तंतूंमध्ये हवा भरपूर असते, क्षणात भडकतो. त्याच्या आसपास ज्योतही नको आणि तापणारा बल्बही नको.

सेलच्या दिव्यांची एकच अट: झाकणाला स्क्रू हवा. पाण्यात ठेवले की लागणारे दिवे दिसायला छान, पण स्वस्तातल्यांचे बूड नखाने निघते आणि आतले बटण सेल बाहेर येतात. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. संशय आला तरी उलटी काढत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे आणि ‘बटण सेल’ हे शब्द आधी सांगावेत.

कोणत्या घरात काय

माळवदाचे जुने घर, लाकडी तुळया, खाली दुकान: आत ज्योत फक्त देवघरात, तीही ताटलीत. बाकी सगळी रोषणाई यूएसबीची किंवा अ‍ॅडॉप्टरची. पत्र्याच्या घराला दारापुढे पणत्या आणि दाराच्या लाकडी चौकटीवर माळ, पत्र्यावर काही नाही. फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या कठड्यावर पणती ठेवायची सवय सोडावी. वाऱ्याने ती खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. जिना हा आग लागली तर पळायचा रस्ता आहे, तिथे पणतीही नको आणि पायात येणारी वायरही. घरात रांगणारे मूल किंवा मांजर असेल तर पणत्या उंबऱ्याबाहेर, आणि कुणीतरी तिथे बसलेले असतानाच.

सरसकट एलईडीकडे जावे असे आम्ही म्हणणार नाही. रोज २० पणत्या पाच दिवस लावल्या तर लिटरभर तेल जाते आणि ते विजेपेक्षा महाग पडते, हे खरे. तरी अंगणात, दगडी तुळशी वृंदावनाभोवती, जिथे पेटण्याजोगे काहीच नाही, तिथे पणतीपेक्षा सुरक्षित आणि सुंदर दुसरे काही नाही. वीज गेली तरी ती लागलेली असते.

रांगोळी काढताना ओणवे होऊन हात लांबवला जातो आणि पदर किंवा ओढणी मागच्या पणतीवर जाते. म्हणून आधी रांगोळी पूर्ण करावी, मग पणत्या, त्याही बाहेरच्या कडेपासून नव्हे तर मधून बाहेर येत लावाव्यात. पदर कमरेला खोचावा. नायलॉन, पॉलिस्टर अंगावर वितळून चिकटते. त्या संध्याकाळपुरती सुती साडी बरी.

कपड्याने पेट घेतलाच तर पळू द्यायचे नाही. जमिनीवर आडवे करून लोळवावे आणि जाड सुती सोलापुरी चादर अंगावर दाबून टाकावी. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साध्या गार पाण्याची धार. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद नको. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही धार पिंपातून तांब्याने सोडावी लागते, म्हणून सणाच्या दिवसांत एक पिंप आणि वाळूची एक बादली दारापाशी राखून ठेवावी. विजेच्या आगीवर मात्र आधी मेन स्विच बंद, मग बाकी सगळे. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८.

भाऊबीज झाली की माळ ओढून काढू नये. ओढताना जो ताण बसतो त्यानेच पिनच्या मुळाशी वायर आतून तुटते. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन बाजूंना खाचा पाडून त्यावर सैल गुंडाळावी, सेलच्या दिव्यांतले सेल काढून ठेवावेत आणि सोललेली दिसेल ती माळ तिथेच कात्रीने कापून टाकावी. नाहीतर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तीच पुन्हा माळ्यावरून खाली येते.